भावोजी, मोटारसायकल आणि दारातली जागा

आमच्या भावोजींना लिफ्टने दगा दिला तर राग येत नाही, माणसाने दिला तरी फारसा येत नाही. पण त्यांच्या मोटारसायकलबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की त्यांचं नाक लाल होतं. आधी शेंडा, मग हळूहळू वर. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की नाकाच्या रंगावरून मला भांडण कुठपर्यंत आलंय ते सांगता येतं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हातून गेलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा अजून चालतात हे विशेष. त्यांची आणि ताईची ओळखही लिफ्टनेच करून दिली. ताई तेव्हा नुकतीच हॉस्पिटलात नोकरीला लागली होती आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. वरून हे ओरडले, "बाई, बोलत राहा. आवाजावरून मला लिफ्टचा पाळणा कुठे आलाय ते कळतं." ताई बोलत राहिली. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, तरी ती बोलतच होती, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर ती थांबलेलीच नाही. हॉस्पिटलनेही तिचा हा गुण ओळखून तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं.

लग्न झाल्यापासून रोज सकाळी भावोजी तिला मोटारसायकलवरून हॉस्पिटलच्या फाटकाशी सोडतात आणि तिथून पहिल्या लिफ्टकडे जातात. गाडी एकच, तीच ती. तिचा रंग मूळचा कोणता होता यावर घरात दोन मतं आहेत. इंजीन दोनदा उघडून बसवलेलं, सायलेन्सर बदललेला, दिव्याची काच दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची. पण पेट्रोल इतकं कमी लागतं की भावोजी पंपावर जातात तेव्हा पंपवाला आधी त्यांची चौकशी करतो, आजारी होतात का म्हणून.

मी त्यांच्याच इमारतीत, एक मजला वर राहते. इमारतीच्या समितीची चिटणीसही मीच आहे. हा मान मला मिळाला कारण ज्या दिवशी निवड झाली त्या दिवशी मी उशिरा पोचले. तेव्हापासून पाण्याची टाकी, जिन्यातले दिवे, कुणाच्या बाल्कनीतून कुणाच्या कपड्यांवर पाणी पडतं, हे सगळं माझ्या गळ्यात. त्यात भर पडली ती दारातल्या जागेची.

त्याचं झालं असं, की तळमजल्यावरचे वकील घर विकून मुलीकडे राहायला गेले. त्यांच्याबरोबर त्यांची गाडीही गेली, आणि मुख्य दाराला अगदी लागून, छपराखाली असलेली एकुलती एक जागा रिकामी झाली. बाकीच्या सगळ्यांनी गाड्या मागच्या बाजूला लावायच्या आणि बसायचं-उतरायचंही तिथेच; जागा ज्याची नाही त्याने दारात क्षणभरही थांबायचं नाही, असा नियम. तिकडे जायला चढ, येताना उतार, एका अंगाला कचऱ्याचे डबे आणि दुसऱ्या अंगाला पाण्याच्या टाकीची ओली भिंत. दारातली जागा रिकामी झाली आणि इमारतीतल्या लोकांना अचानक एकमेकांची प्रेमाने विचारपूस करावीशी वाटू लागली. मला तर दोन दिवसांत इतका चहा पाजला लोकांनी की माझी झोप उडाली.

आमचे अध्यक्ष हवामान खात्यातून निवृत्त झालेले. अजूनही रोज सकाळी गच्चीवर जाऊन आकाश बघतात आणि खाली येऊन चुकीचं सांगतात. त्यांनी सभेत तोडगा काढला. "वशिला नको, चिठ्ठ्या नकोत. ज्याचं वाहन हवेला सगळ्यात कमी त्रास देतं, जागा त्याची." सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण प्रत्येकाला वाटलं आपलंच वाहन सोवळं. सुताराचा टेम्पो मात्र आपणहून बाजूला झाला. तो सुरू झाला की समोरच्या झाडावरची पाखरं उडतात हे सुतारालाही ठाऊक होतं. न्यायाने जागा मिळायला हवी होती शिकवणीवाल्या बाईंना, कारण त्या सायकलवर जातात. पण त्या सायकल उचलून घरात नेतात, बाल्कनीत कुंड्यांशेजारी ठेवतात, आणि "मला कुठे हवीय तुमची जागा" म्हणून मोकळ्या झाल्या.

राहिले दोघे. एक भावोजी. दुसरे आमच्या समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर, ज्यांनी नुकतीच हायब्रिड गाडी घेतली होती. पेट्रोलचं इंजीन आणि बॅटरीची मोटर, दोन्ही एकात. सावकाश चालते तेव्हा आवाजच येत नाही. इमारतीतल्या मांजरांना ती गाडी अजूनही कळत नाही. डॉक्टर माणूस चांगला, पण आयुष्यभर अशा लोकांशी गप्पा मारलेला की ज्यांची तोंडं उघडी असतात आणि बोलता मात्र येत नाही. त्यामुळे समोरचा उलट बोलला की ते दचकतात.

"लिफ्टवाले," डॉक्टर सभेत म्हणाले, "तुमची गाडी कमी पिते, कबूल. पण पिऊन जे ओकते त्याचं काय? माझ्या गाडीच्या धुराला चाळणी आहे. तुमच्या गाडीला साधं फडकं तरी आहे का?"

भावोजींच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "आणि डॉक्टर, एका माणसाचं बूड दवाखान्यापर्यंत न्यायला तुम्ही एवढं मोठं कपाट ढकलत नेता, त्याचं काय? ते कपाट बनवताना किती धूर झाला असेल? ती बॅटरी काय झाडाला लागते?"

"बॅटरी ब्रेक मारला की आपोआप भरते."

"मग ब्रेकच मारत बसा की."

अध्यक्षांनी दोघांना धूर तपासणी केंद्रात पाठवलं. साक्षीदार म्हणून मीही गेले, डॉक्टरांच्या गाडीतून. (भावोजींनी हे मनात ठेवलं.) निकाल असा लागला की दोघांचीही तोंडं पडली. पेट्रोलच्या हिशेबात मोटारसायकल सरळ पुढे. हायब्रिड कितीही शहाणी असली तरी एवढं वजन ओढायचं म्हणजे खाणारच. पण विषारी धुराच्या बाबतीत हायब्रिडच्या नळीतून जवळपास काहीच निघेना, आणि मोटारसायकलच्या नळीला यंत्र लावल्यावर तपासणारा माणूस दोन पावलं मागे सरकला. "जुनी आहे," तो अदबीने म्हणाला. भावोजी म्हणाले, "मीही जुना आहे," आणि किक मारून निघून गेले.

आता काय करायचं? अध्यक्षांनी दोन रात्री विचार केला आणि सांगितलं, की वाहन रिकामं फिरलं तर कुठलंच चांगलं नाही. महिनाभर बघू, तेवढे दिवस दोघांनीही माणसं दारातून घ्यावीत. जो आपल्या वाहनातून जास्त माणसांची सोय करेल आणि हवेला कमी त्रास देईल, तो खरा. देखरेख चिटणीसबाईंची. म्हणजे पुन्हा मीच.

सभा संपल्यावर भावोजी माझ्याबरोबर जिना चढत होते. इमारतीतली लिफ्ट त्यांच्याच हातची असूनही ते स्वतः जिन्याने जातात, यातून काय समजायचं ते समजा. मी म्हटलं, "कशाला एवढा हट्ट? मोटारसायकल ती. मागच्या कोपऱ्यात सुखाने राहते की."

ते मधल्या पायरीवर थांबले. "गाडीसाठी नकोय गं जागा. तुझ्या ताईला तो मागचा चढ चढवत नाही आता. परवा टाकीच्या भिंतीला हात लावून उभी राहिली होती. मी विचारलं तर म्हणाली, पदर अडकला. मी काय आंधळा आहे? दारात गाडी असली तर दोन पावलांत बसेल."

मला ताईचं हे ठाऊक नव्हतं. तिच्याकडे मी रोज दोनदा जाते, आणि तरी मला दिसलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. भावोजींना जागा मिळावी असं त्या क्षणापासून मला मनापासून वाटू लागलं. चिटणीस म्हणून असं वाटून घेणं बरोबर नाही, पण वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत गंमत सुरू झाली. डॉक्टर सकाळी दारात उभे राहून लोकांना बोलावू लागले, जणू फेरीवाले. निवृत्त पोस्टमन आणि त्यांची बायको रोज बागेत चालत जायची. त्यांना डॉक्टरांनी गाडीत घातलं. शिकवणीवाल्या बाईंची सायकल बाल्कनीत पडून राहिली आणि बाई मागच्या सीटवर मधोमध बसून वह्या तपासू लागल्या. अध्यक्षांच्या सूनबाईंचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे, त्यासुद्धा. डॉक्टर सगळ्यांना जिथल्या तिथे पोचवायचे, वाट वाकडी करून, पुन्हा मागे येऊन. दवाखान्यात पोचेपर्यंत पहिला पेशंट गालाला हात लावून घरी गेलेला असे.

भावोजींकडे मागची सीट एकच आणि तिच्यावर ताई. माणसं वाढवता येईनात, तेव्हा त्यांनी पेट्रोल कमी करायचं ठरवलं. हा माणूस एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की त्याला आवरणं कठीण. टायरमध्ये हवा भरभरून ते दगडासारखे केले, कारण टायर कडक असला की गाडी हलकी पळते. वजन कमी करायचं म्हणून मागचं कॅरियर काढलं. धरायची दांडी काढली. शेवटी मूळची जाड सीट काढून तिथे पातळ पत्र्याची, वर बोटभर स्पंज असलेली सीट बसवली; ती त्यांना भंगारवाल्याकडे मिळाली आणि तिच्यावर ते इतके खूश होते की घरी आणून ताईच्या हातात दिली. "बघ, उचलून बघ. पीस आहे नुसतं."

ताईने उचलून बघितली. काही बोलली नाही. ताई काही बोलली नाही हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा लिहिलेलं नाही.

चालवण्याची तऱ्हाही बदलली. उतार आला की इंजीन बंद. सिग्नल लांबून लाल दिसला की इंजीन बंद. गती अशी की सायकलवाले मागे वळून बघत. पलीकडच्या वसाहतीत एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले, त्यांनी आतून फोन केला, पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला तेव्हा भावोजी त्यांना म्हणाले, "येतोय हो, वाऱ्याच्या दिशेने येतोय." अडकलेल्या माणसाला पर्यावरणाचं काय कौतुक? त्यांनी कंपनीकडे तक्रार केली. भावोजींनी ती कानाआड केली.

मी ताईला एकदा विचारलं, "कसं चाललंय?" ती इस्त्री करत होती. म्हणाली, "खड्डे कळतात आता. पूर्वी नुसते लागायचे, आता एकेकाची ओळख झालीय." मी हसले. तीही हसली. हसताना तिने इस्त्रीच्या टेबलाला धरलं होतं, आणि मी मूर्ख, तेही तेवढ्यावर सोडून दिलं.

मग ती सकाळ आली. मी बाल्कनीत होते, देखरेखीसाठी. भावोजी मागून गाडी घेऊन दारात आले, ताईसाठी हेल्मेट पुढे केलं. ताई जिन्यावरून उतरली, मोटारसायकलकडे बघितलं, त्या पातळ सीटकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि तशीच पुढे चालत गेली. डॉक्टरांच्या गाडीचं पुढचं दार उघडलं. बसली. दार लावून घेतलं. पोस्टमन, त्यांची बायको, शिकवणीवाल्या बाई, सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं. हायब्रिड आवाज न करता निघून गेली. भावोजी हेल्मेट पुढे केलेल्या हाताने तसेच उभे होते. मला वरून त्यांचं नाक दिसत नव्हतं, आणि ते बरंच झालं.

त्यानंतर घरात अबोला. म्हणजे भावोजींचा, ताई बोलतच होती, फक्त उत्तर येत नव्हतं. पण ते तर पूर्वीही कुठे येत होतं? भावोजींनी मागची सीट रिकामी राहू नये म्हणून त्यांच्या ओळखीच्या वेल्डरला रोज घ्यायला सुरुवात केली. वेल्डर अंगाने असा की तो बसला की पुढचं चाक उचललं जाईल की काय अशी धास्ती. पेट्रोल दुप्पट जळू लागलं. सायलेन्सरमधून निघायचं ते निघतच होतं. आणि डॉक्टर मात्र एक माणूस वाढला म्हणून खुशीत, वर माझ्या ताईशी गप्पा, कारण ताईच्या बाजूने उत्तरं यायची आणि डॉक्टरांना ते नवीन होतं. एकदा दोघं हॉस्पिटलच्या फाटकाशीसुद्धा बोलत थांबली होती म्हणे. भावोजींना हे कुणीतरी सांगितलं. सांगणारे असतातच.

मला हे बघवेना. एका संध्याकाळी मी खाली गेले. ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर, पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. भावोजी टेबलापाशी एक लिफ्टचा रोलर पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता. मी म्हटलं, "जे काय असेल ते आज बोलून टाका. माझ्यासमोर बोला. मला रोज तुमच्या दोघांच्या तोंडांकडे बघायचा कंटाळा आलाय."

भावोजींनी रोलर खाली ठेवला. "तुझ्या बहिणीला विचार. माझ्या गाडीवर काय कमी होतं?"

"सीट," ताई म्हणाली.

भावोजींनी रोलर पुन्हा उचलला.

"सीट कमी होती. काढून टाकलीत ना तुम्ही. टायर लोखंडाचे केलेत. धरायला दांडी नाही. अहो, माझी कंबर गेलीय. आज नाही, वर्ष झालं. आमच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हादरे नकोत. दोन उशा लावून झोपते मी, ते काय हौस म्हणून? तुम्हाला वाटतं मला चढ चढवत नाही. चढाचं काही नाही हो. चढ मी कशीबशी चढते. गाडीवर बसल्यावर जे होतं ते मला सोसत नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. रोज सांगितलं. घरापासून हॉस्पिटलपर्यंत सांगितलं. मागे बसून दुसरं काय करते मी? तुम्ही प्रत्येक वेळी 'हं' म्हणालात."

भावोजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "वाऱ्यात काही ऐकू येत नाही गं. इंजिनाचा आवाज. वर हेल्मेट. मला वाटायचं तू खिडकीवरच्या लोकांचं सांगतेयस."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

मला वाटलं आता ताई भडकणार. तिचा हक्कच होता. पण ती हसायला लागली, आणि हसताना कळ आली म्हणून थांबली, आणि पुन्हा हसली. भावोजींना मात्र हसू आलं नाही. ते उठले, तिच्या पाठीवरची पिशवी काढली, आत जाऊन पाणी बदलून आणलं आणि पुन्हा नीट लावली. ज्या माणसाला लिफ्टच्या शाफ्टमधून येणाऱ्या एवढ्याशा कुरकुरीवरून कुठला रोलर झिजलाय ते कळतं, त्याला पाठीमागे हातभर अंतरावर बसलेल्या बायकोचं काही कळलं नव्हतं. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

महिना संपला, सभा भरली. मी सगळं पाहिलं होतं तसं सांगितलं. डॉक्टरांनी गाडीभर माणसं नेली. भावोजींनी आधी ताईला आणि मग वेल्डरला. आकड्यात डॉक्टर कितीतरी पुढे, आणि धूर तपासणीत तर ते आधीच पुढे होते. डॉक्टरांनी जागेकडे असं बघितलं की जणू तिथे त्यांची गाडी उभीच आहे.

तेवढ्यात अध्यक्ष खाकरले. "मला एक शंका आहे," ते म्हणाले. "पोस्टमन आणि वहिनी पूर्वी बागेत कसे जात?"

"चालत," पोस्टमन म्हणाले.

"आणि शिकवणीवाल्या बाई?"

"सायकलने," बाई म्हणाल्या, आणि वहीत डोकं घातलं.

"आमच्या सूनबाईही चालतच जायच्या. म्हणजे डॉक्टर, जे लोक हवेला काडीचाही त्रास देत नव्हते, त्यांना तुम्ही उचलून गाडीत घातलंत आणि गावभर फिरवलंत. हे काय पर्यावरण झालं? लिफ्टवाल्यांना निदान कामावर तरी जायचं होतं. वेल्डरलाही जायचं होतं."

आमच्या अध्यक्षांचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आला असावा. सगळी सभा हसली, डॉक्टरही हसले, कारण माणूस मुळात चांगला. त्यांनी आ वासला आणि या वेळी त्यांनाच काही बोलता आलं नाही. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "जागा लिफ्टवाल्यांची."

टाळ्या पडल्या. मी भावोजींकडे बघितलं. ते ताईकडे बघत होते. ताई मागच्या रांगेत, भिंतीला टेकून उभी होती, कारण खुर्च्या घडीच्या होत्या आणि तिला त्यावर बसवत नव्हतं.

भावोजी उभे राहिले. "जागा माझी ना? नक्की?"

"नक्की."

"मग माझ्या जागेत कुणाची गाडी लावायची ते मी ठरवणार. तिथे डॉक्टरांची गाडी लागेल. माझी मागे बरी आहे." ते डॉक्टरांकडे वळले. "अट एकच. माझी बायको दारातून बसेल. ती नीट बसेपर्यंत गाडी हलवायची नाही. आणि बाकीच्यांना चालत जाऊ द्या, त्यांना धाड भरलेली नाही."

डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी भावोजींचा हात हातात घेतला. "रस्त्यातला खड्डा आला तर?" त्यांनी विचारलं.

"टाळायचा," भावोजी म्हणाले.

एवढ्यावर सगळं सुखाने संपायला हरकत नव्हती. दुसऱ्या सकाळी हायब्रिड दारात उभी राहिली, ताई दोन पावलं चालून पुढच्या सीटवर बसली, पोस्टमन आणि त्यांची बायको कुरकुरत बागेच्या दिशेने चालू लागली, शिकवणीवाल्या बाईंनी सायकल खाली आणली. वेल्डरची सोय त्याच्या मेव्हण्याने केली. हवा जराशी तरी सुधारली असेल, असं मला वाटलं आणि मी चिटणीस म्हणून स्वतःवर खूश झाले.

पण दोन-चार दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हायब्रिड फाटकातून बाहेर पडली की लगेच मागोमाग भावोजींची मोटारसायकल निघायची. डॉक्टर डावीकडे वळले की हेही डावीकडे. आता त्यांची पहिली लिफ्ट असते उजवीकडे, अगदी उलट टोकाला. आधी मला वाटलं काही काम असेल. मग रोजच दिसू लागलं. मी मनात म्हटलं, झालं, या माणसाचा संशय गेला नाही अजून. बायको गाडीत, हा मागून पाळत ठेवतोय. माझं डोकं असं फिरलं की त्या संध्याकाळी मी त्यांना फाटकातच गाठलं.

"भावोजी, काय चाललंय तुमचं? रोज तिच्या गाडीमागून हॉस्पिटलपर्यंत जाता, तिथून पुन्हा सगळं शहर ओलांडून कामावर. दोन गाड्या एकाच रस्त्याने. तुमच्या त्या नळीतून काय निघतं ते यंत्राने दाखवलंय. मग महिनाभर आम्ही एवढा उपद्व्याप केला तो कशासाठी? आणि ताईवर विश्वास नाही का तुमचा?"

त्यांनी गाडी स्टँडवर लावली. नाक अजिबात लाल झालं नव्हतं.

"चिटणीसबाई, पर्यावरणाचं चुकतंय माझं, मला कळतं. पण ती गाडी बुटकी आहे. बसताना ती धपकन बसते, त्याचं काही नाही. उतरताना तिला उठवत नाही; आधी मागचं कुणीतरी हात द्यायचं, आता गाडीत दुसरं कुणी नसतं. पहिल्या दिवशी मी सहज मागून गेलो होतो, तर हॉस्पिटलच्या फाटकाशी दार उघडून बसलेलीच. मागे गाड्या हॉर्न वाजवतायत, डॉक्टर स्टीअरिंग सोडून उतरू शकत नाहीत, आणि ती लोकांना सॉरी सॉरी म्हणतेय." त्यांनी हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. "तिला उतरताना हात लागतो. तो द्यायला जातो."

पुढच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, दारातल्या जागेचा निर्णय नीट पाळला जातोय ना, काही तक्रार? मी सांगितलं, काही तक्रार नाही.